गाडीची ताकद रस्त्यावर नव्हे, गॅरेजात तपासा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वेगवान स्पोर्ट्स कारचे सेकंडहँड व्यवहार आता नाशिकमध्येही होऊ लागले आहेत. अशी गाडी घेणारा पैसे मोजतो ते तिच्या ताकदीचे. त्यामुळे ती ताकद शिल्लक आहे की नाही, हे व्यवहारापूर्वी पाहण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. माझी हरकत आहे ती पाहण्याच्या रूढ पद्धतीला. गेल्या महिन्यात पुतण्यासोबत अशी एक गाडी पाहायला गेलो असता विक्रेत्याने "काका, पिकअप तर बघा" म्हणत ती गंगापूर रोडवर, सकाळी फिरायला निघालेल्या मंडळींच्या शेजारून, अशी दामटली की मी डोळेच मिटून घेतले. खासगी मोटारीच्या विमा पॉलिसीतून वेगचाचणीसाठीचा वापर वगळलेला असतो, याची त्या गृहस्थांना बहुधा कल्पना नसावी.

शिवाय अशा फेरीतून कळते ते फार थोडे. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचा, धक्का पाठीला जाणवला म्हणून चारही सिलिंडर धडधाकट आहेत असे ठरत नाही. आम्ही पोहोचलो तेव्हाच बॉनेट गरम होते, म्हणजे थंड इंजिन सुरू होताना येणारा खडखडाट किंवा निळसर धूर टिपण्याची संधी आधीच हुकली होती. पुतण्याने हट्टाने गाडी अंबडच्या एका गॅरेजात नेली. स्कॅनरवर एकही दोष दिसला नाही; मात्र गाडीच्या संगणकाच्या स्वयंतपासण्या अपूर्ण होत्या, म्हणजे दोषांच्या नोंदी नुकत्याच पुसल्या असाव्यात किंवा बॅटरी काढून पुन्हा जोडली असावी. मग कॉम्प्रेशन घेतले, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब मोजला, तर तीन सिलिंडर जवळपास सारखे आणि चौथा सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी. त्या सिलिंडरमध्ये दाबाने हवा सोडून मेकॅनिकने कान लावला. हवा सायलेन्सरमधून फुसफुसली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवा आत घेणाऱ्या नळीतून आली तर इनटेक व्हॉल्व्ह आणि ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर पिस्टन रिंगा, इतका हा हिशेब सरळ आहे. आमच्या गाडीत ती ऑइलच्या तोंडातून येत होती.

इंजिन या परीक्षेत उतरले तरच डायनोचा, म्हणजे गाडी जागेवरच रोलरवर पळवून तिची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, खर्च करावा. तिथे ताकद चाकांपाशी मोजली जाते आणि माहितीपत्रकातला आकडा इंजिनाचा असतो, त्यामुळे फरक दिसताच घाबरू नये. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्याने इथली हवा ५-६ टक्के विरळ असते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद साधारण तेवढीच घटते. आकड्यापेक्षा ताकदीचा आलेख पाहावा: तो मध्येच खचत असेल, तर टर्बोच्या नळ्यांतून होणारी गळती, इग्निशन कॉइल, इंधनपुरवठा यांकडे संशयाने पाहायला हवे. क्लच घसरत असेल तर इंजिनाचे फेरे वाढतात, पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. तेही डायनोवर लपत नाही.

शहरातील विक्रेत्यांना माझी विनंती एवढीच, की गाडी थंड अवस्थेत, अर्ध्या दिवसासाठी, ग्राहकाच्या पसंतीच्या गॅरेजात न्यायला द्यावी. तपासणीचा खर्च ग्राहकाने करावा आणि टोकन त्यानंतरच घ्यावे. आमच्या विक्रेत्याला कॉम्प्रेशनचे आकडे दाखवले, तेव्हा "एवढं चालायचंच, पळवायची गाडी आहे," असे उत्तर मिळाले. टोकन अजून परत मिळालेले नाही.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक