आई-बाबांना पत्र : अभियांत्रिकी, नाटक आणि माझे काम

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतलेली मुलगी दिवसभर नेमके काय करते आणि नाटकात घालवलेली वर्षे त्यात कुठे बसतात, असे बाबांनी विचारले होते. फोनवर ते नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सध्या मी घरी वापरायच्या रक्तदाबमापकाच्या रचनेवर काम करते. दंडाभोवतीच्या पट्ट्यात हवा भरून ती हळूहळू सोडली, की धमनीच्या स्पंदनांमुळे पट्ट्यातल्या दाबात बारीक चढउतार होतात. ते जिथे सर्वांत मोठे, तिथला दाब यंत्र सरासरी रक्तदाब म्हणून धरते आणि वरचा-खालचा आकडा त्यापुढच्या गणितातून काढते. (हा भाग खास बाबांसाठी.) परंतु माणूस बोलला, हलला किंवा नुसता धास्तावला तरी आकडा बदलतो, आणि पट्टा आवळू लागल्यावर धास्ती वाटणे तर साहजिकच. हा प्रश्न अधिक चांगला सेन्सर बसवून सुटत नाही.

इथे मला तालमी उपयोगी पडतात. नटाला ‘शांत हो’ म्हटल्याने तो शांत होत नाही, त्याला करण्याजोगी कृती द्यावी लागते, हे मी दिग्दर्शकांकडून शिकले. म्हणून पडद्यावर ‘घाबरू नका’ असे न लिहिता ‘पाठ टेका’, ‘पावले जमिनीवर ठेवा’, ‘हात टेबलावर ठेवा’ अशा सूचना एकेक करून याव्यात आणि मोजणी चालू असताना धावते आकडे मुळीच दिसू नयेत, असा माझा आग्रह आहे. अभियंते सहकारी अजून पुरते राजी नाहीत. त्यांना आकडे लपवणे म्हणजे लबाडी वाटते.

प्रत्यक्ष यंत्र बनण्याआधी आम्ही पुठ्ठ्याच्या खोक्यावर छोटा पडदा बसवतो आणि आडोशाला बसलेला सहकारी त्यावरचे संदेश हाताने बदलतो. समोरच्याला वाटते, यंत्रच प्रतिसाद देते आहे. त्या सहकाऱ्याला आम्ही प्रॉम्प्टर म्हणतो. कोणत्या सूचनेपाशी माणूस गोंधळतो, हे त्यामुळे साचा करण्याचा खर्च होण्याआधीच कळते.

आई, हा माझा एकटीचा आडमार्ग नव्हे. अमेरिकेतले नॉर्मन बेल गेडिस नेपथ्यकार होते आणि १९२०च्या दशकाच्या अखेरीस वस्तुरचनेकडे वळले. त्यांच्या हाताखाली शिकलेले हेन्री ड्रेफस हेही नेपथ्यातूनच आलेले. हनीवेल कंपनीचा १९५३चा गोल थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीचे तापमान राखणारे भिंतीवरचे उपकरण, ड्रेफस यांचाच. चौकोनी वस्तू भिंतीवर जराशी कलली तरी डोळ्याला खुपते, गोल वस्तूला ती अडचणच नाही. असा विचार मला तरी मंच लावणाऱ्या माणसाचाच वाटतो.

पुढच्या भेटीत नमुना घेऊन येईन. तुम्ही दोघांनी तो मला काहीही न विचारता वापरून पाहावा, आणि बाबांनी त्या वेळी आईला सूचना देऊ नयेत, एवढीच विनंती.

तुमची,
मुलगी