पट गावात, मूल उसाच्या फडात

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवणाऱ्या संचमान्यतेला ३० सप्टेंबरचा पट धरतात. त्यानंतर दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, अहिल्यानगरच्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या मुलाबाळांसह साखर कारखान्यांकडे निघतात. शिक्षकांची पदं गावच्या पटावर ठरतात आणि मूल मार्च-एप्रिलपर्यंत सांगली-कोल्हापूरकडच्या कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या तात्पुरत्या झोपडीत, राहतं. तिथल्या जिल्हा परिषद शाळेनं त्याला वर्गात बसवून घेतलं तरी जादा शिक्षक मिळत नाही, कारण तिचीही मोजणी सप्टेंबरातच उरकलेली असते.

हजेरीचं तर विचारूच नका. महिनाभराहून अधिक काळ सलग गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य ठरतं. गुरुजींनी खरी गैरहजेरी मांडली तर पट उतरतो, पद धोक्यात येतं. नाही मांडली तर मूल कागदावर शिकत राहतं. मी गुरुजींना दोष देणार नाही. खरं लिहिणाऱ्याचंच नुकसान होईल असा नियम आपणच केला आहे.

हंगामी वसतिगृह हा त्यातल्या त्यात बरा उपाय. मूल गावी आजी-आजोबांपाशी राहतं, जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समिती करते. पण मूल मागे ठेवायचं की न्यायचं, हे घरात मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतानाच, पावसाळ्यात ठरतं. वसतिगृहाची मंजुरी टोळी निघून गेल्यावर आली तर ती कुणासाठी? मंजुरी जुलैत द्या, आणि पहिला हप्ताही तेव्हाच.

तरीही काही मुलं जाणारच. थोरल्या मुलीला तर धाकट्या भावंडाला सांभाळायलाच नेतात. तिला गावातलं वसतिगृह असून नसल्यासारखं. तिच्यासाठी फडाजवळ साखरशाळा, म्हणजे तोडकऱ्यांच्या मुलांसाठीची हंगामी शाळा, हवी आणि शाळेला लागून पाळणाघरही, नाहीतर ती वर्गात येणार कशी? ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलंच आहे. त्यातला वाटा या कामासाठी बांधून द्या.

शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाला कामाचे २०० दिवस ठरवले आहेत. ऊसतोडीच्या हंगामात त्यातले निम्म्याच्या आसपास जातात. म्हणून पटाची दुसरी मोजणी जानेवारीत, कारखान्याच्या परिसरात करा. स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून दिल्या जाणाऱ्या शिक्षण हमी कार्डावर तिथली हजेरी मांडली जावी, ती गावच्या शाळेनं धरावी, आणि पोषण आहार व जादा शिक्षकाचं मानधन मूल जिथं बसतं तिथं पोचावं. कायद्याला हात लावायची गरज नाही, एक शासन निर्णय पुरेल. तो यंदाच्या गाळपाआधी निघावा.

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख