होज रीलचा व्हॉल्व्ह बंद ठेवून संस्थेला न कळवल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
अग्निशमन यंत्रणा देखभाल विभाग

महोदय,

आमच्या चौदा मजली इमारतीच्या अग्निशमन यंत्रणेच्या देखभालीचे काम तीन वर्षांपासून आपल्याकडे आहे. १९ जुलैच्या रात्री सहाव्या मजल्यावरच्या एका घरात समईने पडदा पेटला. घरात आजी आणि सातवीतली नात, दोघीच होत्या. शेजाऱ्यांनी जिन्याजवळचा होज रील, म्हणजे आग विझवायच्या पाण्याचा गुंडाळलेला पाइप, ओढत आत नेला, नोझल उघडला. पाण्याचा थेंब नाही. पाचव्या आणि सहाव्या मजल्यावरचे आग विझवायचे सिलिंडर आणि न्हाणीघरातल्या बादल्या, एवढ्यावर आग आटोक्यात आली. माणसे वाचली, बैठकीची खोली जळाली.

अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांनी विचारले, "गच्चीवरचा व्हॉल्व्ह कोणी बंद केला?" मी संस्थेचा सचिव, पण मलाही उत्तर देता आले नाही.

उत्तर दुसऱ्या दिवशी आपल्या तंत्रज्ञाकडून मिळाले. ८ जुलैला नवव्या मजल्यावर पाइपच्या जोडातून गळती दिसली, म्हणून त्याने व्हॉल्व्ह बंद करून पंप मॅन्युअलवर टाकला, म्हणजे तो आपोआप सुरू होणार नव्हता. आपल्या कार्यालयाला त्याच दिवशी कळवले. आमच्या दिवसपाळीच्या वॉचमनलाही "लाइन बंद आहे" असे सांगितले. तो वॉचमन दोन दिवसांनी भातलावणीसाठी गावी गेला. अकरा दिवस आम्ही कोरड्या पाइपच्या भरवशावर झोपत होतो.

गळती दिसल्यावर लाइन बंद करणे चूक नव्हते. कृपा करून त्या तंत्रज्ञ मुलावर कारवाई करून हे प्रकरण मिटवू नका. त्याने कळवलेले आपल्या कार्यालयातून आमच्यापर्यंत का आले नाही, हे मला लेखी हवे आहे.

त्याहून गंभीर म्हणजे १४ जुलैला आपण यंत्रणा सुस्थितीत असल्याचा फॉर्म बी दिलात. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक अधिनियमानुसार हे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते, आणि यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालक व भोगवटादारांवर असते. आम्हाला पंपातले काही कळत नाही; परवानाधारक म्हणून आपण केलेल्या सहीवर आम्ही विसंबतो. ती सही करण्याआधी गच्चीवर कोणी गेले होते का?

आमच्याकडूनही राहिले. गेटवरच्या वहीत पाहुणे आणि पार्सल यांपलीकडे काही लिहिले जात नव्हते. आता प्रत्येक पाळीचा वॉचमन यंत्रणेची स्थिती वाचून सही करतो. पण त्यात काय लिहायचे, ते आपण सांगितले तरच कळेल.

यापुढे व्हॉल्व्ह, पंप किंवा पॅनेल बंद करावे लागले, तर त्याच दिवशी अध्यक्षांना आणि मला लेखी कळवा. काय बंद आहे, कधी सुरू होईल आणि तोवर पर्यायी सोय काय, हे त्यात हवे. बंद केलेल्या व्हॉल्व्हवर तारखेसह लाल पाटी लावा. दोन्ही पाळ्यांच्या वॉचमनना त्यांना समजेल अशा भाषेत प्रत्यक्ष दाखवा. १४ जुलैचा फॉर्म बी मागे घेऊन आमच्यासमोर, सहाव्या मजल्यावर पाणी सोडून, नव्याने तपासणी करा.

सात दिवसांत लेखी उत्तर न आल्यास हे पत्र आणि तो फॉर्म बी मी अग्निशमन अधिकाऱ्यांकडे देणार आहे.

आपला,
सचिव,
सहकारी गृहनिर्माण संस्था, ठाणे