सोपा, रस्सा आणि अहमदाबाद: काकूंना जाहीर आभारपत्र

आदरणीय काकू,

शि. सा. नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. नाव छापून आलं की गर्दी वाढते आणि गर्दी वाढली की हाताची चव राहत नाही, असं तुम्ही एकदा म्हणाला होता. त्याचा मान राखते. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत तुमच्या घरगुती खाणावळीत पंगतीला बसलेल्यांना हे पत्र कोणाला आहे ते आपोआप कळेल.

मागच्या महिन्यात मी अहमदाबादहून परत आले तेव्हा तुम्ही ताट वाढता वाढता विचारलंत, "एवढा पैसा मोडून नुसती घरं बघायला जातीस व्हय गं? आपल्या पेठेत घरं न्हाईत?" पाठोपाठ दुसरा प्रश्न, "आणि खाल्लंस काय तिथं?" तेव्हा जेवणाऱ्यांची गडबड होती, बोलणं तिथंच राहिलं. दोन्ही प्रश्नांची उत्तरं आज सविस्तर लिहिते, कारण तुमचे आभार मानायचे तर ती उत्तरं सांगावीच लागतील.

काकू, कॉलेजात असल्यापासून मला आपल्या देशातल्या आधुनिक इमारतींचं वेड आहे. बाळकृष्ण दोशी, चार्ल्स कोरिया, अच्युत कानविंदे ही माझी दैवतं. दोशी पुण्यात जन्मलेले. वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार २०१८ साली त्यांना मिळाला, भारतीयाला पहिल्यांदाच. कानविंदे तर आपला घाट उतरला की लागणाऱ्या कोकणातले, आचऱ्याचे. यांच्या इमारतींचे फोटो माझ्या भिंतीवर होते, त्यांच्यावर मी पेपरात पानंच्या पानं लिहिली. पण आर्किटेक्टच्या नोकरीसाठी मराठवाड्यातून कोल्हापुरात आले, तुमच्याकडं जेवायला लागले, आणि एके दिवशी भीत भीत विचारलं, "काकू, तुमचं घर मापू का?" तुम्ही क्षणभरही विचार न करता म्हणालात, "माप की. पण साडेअकराच्या आत आटप, मग पंगत बसती." माझं खरं शिक्षण तिथून सुरू झालं.

रस्त्यापासून तीन घडीव पायऱ्या, मग सोपा म्हणजे पुढची ओसरी, मागं माजघर, त्यामागं स्वयंपाकघर आणि शेवटी परडं, म्हणजे परसदार. टेप धरायला तुमची नात होती. माप कागदावर उतरवताना दिसत गेलं की उजेड प्रत्येक उंबऱ्याला थोडा थोडा कमी होत जातो आणि परड्याच्या दाराशी एकदम परत येतो. त्यामुळं भर उन्हातून आलेल्या माणसाला आत अंधारी येत नाही. सोप्याची वळचण इतकी खाली आलेली, की जुलैतला तिरका पाऊससुद्धा पहिल्या फरशीपुढं सरकत नाही. त्याच सोप्यात सकाळी भाजी निवडली जाते, दुपारी पंगत बसते आणि संध्याकाळी शेजारच्या आजी येऊन टेकतात. ना धड रस्ता, ना धड घर, अशी ही जागा दिवसभर रिकामी म्हणून राहत नाही.

आणि तो चटणीचा दिवस! ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी जाळाला. तीळ, खोबरं, धणे भाजून बाजूला ठेवलेले, कढईत तेल तापलेलं आणि मिरच्यांचा पहिला घाणा पडला. मी तोंडाला ओढणी लावून उभी. पहिल्या घाण्याला सगळ्यांनाच ठसका लागला. मग मात्र धूर वर लागला आणि आढ्याजवळच्या धुराड्यातनं सरळ बाहेर पडायला लागला. खाली परड्याच्या बाजूची ती हातभर खिडकी तुम्ही मुद्दाम उघडी ठेवली होती. गार हवा खालून आत, तापलेली वरून बाहेर. मी हे पुस्तकात बाणांच्या आकृतीत शिकले होते. त्या दिवशी ते डोळ्यांनी आणि नाकाने कळलं.

आता अहमदाबाद. साबरमती आश्रमात गांधीजींचं संग्रहालय आहे, १९६३ साली उघडलेलं. त्याचं काम कोरियांना मिळालं तेव्हा ते तिशीच्याही आत होते. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद असे खण, विटांचे खांब, वर कौलं. तुम्ही आपलं घर खणांनी मोजता ना, तसंच तेही मोजायचं. खिडक्यांना काच नाही, लाकडी पट्ट्यांच्या झडपा आहेत. काही खण झाकलेले, काही उघडे, मध्ये एक पाण्याचं कुंड. फिरताना आपण आत आहोत की बाहेर, हे सांगता येत नाही. मी तिथं बसून राहिले आणि मनात सारखा तुमचा सोपा येत राहिला.

तिथंच आश्रम रोडवर ल कॉर्बुझिए या फ्रान्सच्या नामांकित वास्तुकारांनी गिरणीमालकांच्या संघासाठी बांधलेली इमारत आहे, १९५४ ची. रस्त्याकडची बाजू पश्चिमेची, म्हणून तिथं काँक्रीटचे पडदे तिरके लावलेत, दुपारचं ऊन आत शिरत नाही. मागं नदी, तिकडचे पडदे सरळ, वाऱ्याला वाट मोकळी. दोशींनी १९८० साली बांधलेलं त्यांचं ऑफिस, ‘संगाथ’, अर्धं जमिनीत आहे. गोल पाठीच्या छतांवर पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे बसवलेत, ऊन परतवायला. आपल्याकडं गच्चीला चायना मोझॅक करतात, तेच. जगभरातली माणसं येऊन बघतात ती ही गोष्ट, आणि आपला कोणताही गवंडी ती करू शकतो. मला याचा फार अभिमान वाटतो.

मुंबईतली कांचनजंगा आठवते? मी फोटो दाखवला होता. १९८३ साली पुरी झालेली २८ मजल्यांची. तिथं समुद्र पश्चिमेला, वारा तिकडून, पण कडक ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. कोरियांनी कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या मोकळ्या गच्च्या कोरल्या आणि राहण्याच्या खोल्या त्यांच्या आड ठेवल्या. फोटो बघून तुम्ही म्हणालात, "म्हंजे सोपाच की वर चढवलाय." मी हे वाक्य साइटवरच्या नव्या पोरांना सांगते. याहून नेमकं मला सांगता येत नाही.

खाण्याचं राहिलं. तिथल्या माणेक चौकात दिवसा सराफांची दुकानं. ती बंद झाली की त्याच चौकात रात्री खाण्याच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्रीपर्यंत माणसं हलत नाहीत. एकाच जागेला दिवसात दोन-तीन आयुष्यं. फाफडा-जिलेबी मनापासून खाल्ली. रस्सा मात्र कोल्हापुरात येऊनच.

तुम्ही मला अंबाबाईच्या किरणोत्सवालाही घेऊन गेलात. नोव्हेंबरची ९, १० आणि ११ तारीख. जानेवारीच्या अखेरीला आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुन्हा. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, मग कमरेपर्यंत, मग मुखावर. गर्दीत तुम्ही माझा हात घट्ट धरला होता आणि किरण वर सरकला की बोटं दाबत होता. त्या वाटेत कुणाचा जास्तीचा मजला, कुणाची टाकी आली की किरण अडतो. कोल्हापुरात यावर वर्षानुवर्षं बोललं जातं, ते किती योग्य आहे! एका इमारतीचा उजेड दुसऱ्या इमारतीच्या हातात असतो. नकाशावर उंचीचा आकडा घालताना मला आता ती संध्याकाळ आठवते.

सगळ्यात मोठं ऋण आर. के. नगरात मी बांधत होते त्या घराचं. जोतं झालं होतं, भिंती यायच्या होत्या. स्वयंपाकघराचे दोन नकाशे तयार होते आणि कुठला घ्यायचा ते घरातल्या मंडळींना ठरवता येत नव्हतं. मी तुम्हाला सांगितलं, तर दुपारची पंगत उरकून तुम्ही रिक्षानं थेट साइटवर आलात. चार वाजले होते. "मी उभारतो इथं. तू खडूनं ओटा काढ." मी पश्चिमेचा ओटा आखला. तुम्ही हातात रश्श्याचा डाव असल्यासारखा हात फिरवत उभ्या राहिलात आणि म्हणालात, "पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध पडलं की बाईला जागा सोडता येत न्हाई. आच बारीक आणि हात चालू. उकळी आली की फाटला. तेवढा वेळ ऊन तिच्या डोळ्यात?" मग वळून विचारलंत, "आणि मटण धुतलेलं पाणी घेऊन ती पाहुण्यांच्या मधनं जाणार?"

त्या दोन वाक्यांनी घर ठरलं. ओटा पूर्वेला, दार थेट परड्यात, खाली हवा यायला बुटकी खिडकी. वर उंचावर हवा जायला झरोका, त्याचं तोंड ईशान्येला, कारण आपला पाऊस नैर्ऋत्येचा. त्या घरच्या ताईंनी यंदा चटणी घरातच केली आणि दिवाणखान्यात बसलेल्या कुणालाही ठसका लागला नाही, असा त्यांनी आवर्जून फोन केला. हे श्रेय तुमचं आहे. ते चारचौघांत सांगायचं म्हणून हे पत्र.

माझ्या ताटात दोन्ही रश्श्यांच्या वाट्या भरून, वर "अळणी घे की अजून" म्हणत, मटणाचं ते बिनतिखटाचं पाणी वाढत तुम्ही मला जेवू घातलंत, परगावच्या पोरीला सणावाराला एकटं वाटू दिलं नाहीत, त्याबद्दल काय लिहू? मनापासून धन्यवाद, एवढंच.

तुमच्या घराचा मापलेला नकाशा आता पुरा झालाय. येत्या रविवारी प्रत घेऊन येते. थोरल्या दादांना घरी थांबायला सांगा. घर पाडून अपार्टमेंट करायचं त्यांच्या मनात आहे, हे मला ठाऊक आहे, आणि त्यांच्या अडचणीही खऱ्या आहेत. मागची भिंत कशी सावरता येईल, वर दोन खोल्या कशा काढता येतील आणि सोपा कसा ठेवता येईल, याची तीन चित्रं काढली आहेत. ती बघून मग काय ते ठरवू द्या. पुण्याला लेकीकडं जाल तेव्हा मला आधी सांगा. विद्यापीठाच्या आवारात कोरियांनीच बांधलेली खगोलशास्त्राची संस्था ‘आयुका’ आहे, काळ्या दगडाची, मध्ये कुंडासारखा चौक. परवानगी काढून तुम्हाला दाखवायचंय, आणि तुम्ही काय म्हणता ते ऐकायचंय.

तुमची,
रविवारी न चुकता पंगतीला येणारी आर्किटेक्ट पोरगी