मोतद्दार मामा, झुलीबद्दल आभार

मामा, नमस्कार.

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही "चहा ठेव गं" म्हणून विषय मोडता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. नात वाचून दाखवेल तेव्हा उठून जाऊ नका. शिवाय थंडी तोंडावर आली की ओळखीचे घोडेवाले "ती झूल कुठनं आणलीस?" असं विचारायला लागतात. त्यांनाही एकदाच काय ते उत्तर मिळेल.

आमची काठेवाडी घोडी तुम्हाला ठाऊकच आहे. रपेटीला काढली की हात राखून धावणं तिला माहीत नाही, आणि घामाने निथळते. पंचाईत व्हायची ती डिसेंबर-जानेवारीत. पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास, अंगावर थंडीची दाट लव, आणि कोल्हापुरात कसबा बावड्याच्या बाजूने नदीकाठी फिरून परत येईस्तोवर छाती, तंगाची (खोगीर आवळायच्या पट्ट्याची) जागा, मांड्यांची आतली बाजू चिंब. लगाम घासतो तिथे पांढरा फेस. पुसून काढलं की वरून कोरडी दिसायची, पण बोटं केसांत खुपसली की मुळाशी ओल तशीच. त्यात नदीवरचा वारा. अंगावर काहीतरी घालायला हवं हे कळत होतं, काय घालायचं ते कळत नव्हतं.

मोबाइलवर 'कूलर' म्हणून विकायला ठेवलेल्या, घामेजल्या घोड्याला घालायच्या झुली मी तुम्हाला दाखवायला आणल्या, तेव्हा तुम्ही किंमत विचारलीच नाही. "कापूस हाय का लोकर हाय का प्लॅस्टिक?" एवढंच विचारलंत. निम्म्या जाहिरातींत ते लिहिलेलंच नव्हतं. तिथून माझी शिकवणी सुरू झाली.

सुती चादर तुम्ही पहिल्या झटक्यात बाद केलीत. सूत घाम पितं, पण पिऊन धरून बसतं, आणि मग तीच गार ओली चादर पाठीला चिकटून राहते. जाळीची झूल तुम्हाला पटत होती, मात्र अटीवर: तिच्या भोकांत हवा अडकते ती वरून दुसरं पातळ कापड असेल तरच, नुसती जाळी वाऱ्यात निरुपयोगी. तुमच्या वडिलांच्या पागेतली रीतही तुम्ही तेव्हाच सांगितलीत. ओल्या पाठीवर भाताचं कोरडं पिंजर पसरायचं आणि त्यावर गोणपाट बांधायचं. पिंजरामुळे गोणपाट अंगापासून उचललेलं राहतं, खालून हवा खेळते, वाफ वर निघून जाते. पैसा शून्य. मला अजूनही वाटतं की अडीनडीला याच्यासारखा उपाय नाही, फक्त नंतर तबेला झाडायला लागतो.

घोंगड्याबद्दल मी हट्ट धरला होता. पट्टणकोडोलीच्या यात्रेतून आणलेलं घरात पडूनच होतं. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओल शोषते आणि तरी हाताला ओली लागत नाही, हे खरं आहे. तुम्ही नाही म्हटलं नाहीत. घोंगडं हातात घेऊन तोललंत आणि म्हणालात, "भिजल्यावर हे कोण उचलणार, तू का मी? आणि वाळणार कधी?" नव्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ असते, तिचा खरखरीतपणा वेगळाच. ते रात्रीच्या थंडीला, अंग पूर्ण वाळल्यावर. मान्य.

मग राहिलं फ्लीस. तुम्ही त्याला 'ते मऊ जर्किनचं कापड' म्हणता. पॉलिएस्टरचा धागा स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही, वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. त्यामुळे घाम धाग्यांच्या मधल्या फटींतून सरकत बाहेरच्या अंगाला येतो, आणि घोडीच्या अंगची ऊब त्याला आतून ढकलत राहते. आमच्या डॉक्टरांनी नंतर याची दुसरी बाजू सांगितली. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं. ते साबणासारखं काम करून घाम दाट केसांतून टोकापर्यंत पसरवतं, फेसही त्याचाच. म्हणजे केसांच्या टोकापर्यंतचं काम घोडी स्वतःच करते, तिथून पुढे पाणी उचलणारं कापड तेवढं आपण द्यायचं.

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापडबाजारातली ती दुपार मात्र मी विसरणार नाही. दुकानदार ब्लँकेटचे ढीग उपसतोय, मी वेष्टनावरची अक्षरं वाचतेय आणि तुम्ही म्हणताय, "लेबल काय वाचालीस? पाणी आण जरा." मग प्रत्येक कापडाच्या आतल्या बाजूवर चमचाभर पाणी, वरून तळहाताचा दाब, आणि उलटून बघणं. लांब केसाळ ब्लँकेटवर पाणी गोळा होऊन तसंच बसलं. एकाला मागून पातळ मुलामा होता, त्यातून काही पाझरायलाच तयार नाही. तिसऱ्या, साध्या, दोन्ही बाजूंनी आखूड लव असलेल्या फ्लीसमध्ये पाणी पसरत गेलं, बाहेरची बाजू दमट झाली आणि आतली थोड्या वेळाने हाताला कोरडी लागली. शेवटी तुम्ही ते कापड तोंडावर धरून फुंकर मारलीत, वारा आरपार जातोय का बघायला. दुकानदाराने तोवर आपल्याला चहा सांगितला होता. बहुधा लवकर जावं म्हणून.

माप तुम्ही सुतळीने घेतलंत: छातीच्या मधोमधपासून कुशीवरून मांडीच्या मागच्या कडेपर्यंत. भरलं ५ फूट ९ इंच. कापडाचा पन्हा दोन्ही कुशी झाकायला पुरेना म्हणून पाठीच्या कण्यावर जोड द्यावा लागला, आणि ती शिवण चपटी बसेपर्यंत तुम्ही शिंप्याला दोनदा उसवायला लावलीत. खांद्याच्या उंचवट्यावर आतून गुळगुळीत अस्तराचा तुकडा लावलात, तिथले केस घासून जाऊ नयेत म्हणून. पोटाखाली निवारीचे दोन पट्टे फुलीसारखे. चिकटपट्टी (वेल्क्रो) नको म्हणालात, कारण तिच्यात कडबा अडकतो. सगळं धरून खर्च तयार झुलीच्या निम्म्यापेक्षा कमी आला. कडबा फ्लीसलाही चिकटतो, ते सोसावं लागतंच. घालायच्या आधी ब्रश मारला की भागतं.

पण खरे आभार झुलीचे नाहीत, ती केव्हा घालायची नाही हे सांगितल्याचे. घोडी धापा टाकत असेल, नाकपुड्या फुललेल्या असतील, पुढच्या दोन पायांमध्ये हात घातल्यावर चटका बसत असेल, तर झूल हातातसुद्धा घ्यायची नाही. एप्रिल-मे महिन्यांत तर पाणीच. सावलीत उभी करून अंगभर ओतत राहायचं, चालवायचं, पुन्हा ओतायचं. गरम घोड्यावर गार पाणी टाकलं की स्नायू धरतात अशी भीती आमच्याकडे अजून ऐकू येते. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकच्या सुमारास घोड्यांवर यासाठी बराच अभ्यास झाला आणि ती भीती खोटी निघाली. तिथे तर पाण्याचा फवारा मारणारे पंखे लावले होते. तुम्ही हातपंपाचं पाणी कुणाला न विचारता ओतत आलात.

आता आमचा क्रम तुमचाच आहे. तंग सैल करून चालवत आणायची, श्वास मिनिटाला १६च्या आत उतरू द्यायचा, घाम निपटून काढायचा, मग झूल. थोड्या वेळाने झुलीच्या बाहेरच्या लवेवर पाण्याचे बारीक थेंब उभे राहतात आणि आत हात घातला तर पाठ कोरडी. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी तुम्हाला हाक मारून बोलावलं होतं, तुम्ही नुसतं "हं" म्हणालात. थेंब दिसले की झूल काढायची, तशीच ठेवून निघून जायचं नाही. पावसाळ्यात हवाच ओली असल्यामुळे बाहेर आलेलं पाणी उडत नाही. त्या दिवसांत मधेच बदलायला दुसरी झूल हवी, हे मला पहिल्या श्रावणातच पटलं.

धुण्याचा तुमचा दमही लक्षात आहे. घोड्याचा घाम भलताच खारट, तो सुकून कापडात बसला की फटी बुजतात. म्हणून साध्या साबणाने वरचेवर धुवायची. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव अजिबात नाही, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि पाणी पुढे सरकत नाही. आमच्या सासूबाईंनी एकदा प्रेमाने ते घातलं होतं. पुढच्या दोन धुण्यांनंतर झूल पुन्हा ताळ्यावर आली.

मामा, तुम्ही पैसे घेतले नाहीत, उलट गांधीनगरचं रिक्षाभाडंही मला देऊ दिलं नाहीत. तेव्हा एक सांगते, रागावू नका. कापडाचा जो तुकडा उरला होता, त्यात थोडी भर घालून तुमच्या नातवाच्या शिंगरासाठी लहान झूल बेतायला टाकली आहे. आपल्या मापाचा कागद शिंप्याकडेच ठेवलाय, ज्याला हवा त्याने बघावा. शिंगराचं माप तेवढं तुम्हीच सुतळीने घेऊन ठेवा, आणि वाढीसाठी किती सोडायचं तेही सांगा. रविवारी येते.

तुमची,
काठेवाडीवाली