‘मेस्मराइज्ड’ कुठे वापरायचं

चि. ओवीस,
अनेक आशीर्वाद.

निबंधातल्या ‘मेस्मराइज्ड’चा नेमका अर्थ तू विचारलास. मंत्रमुग्ध, भारावलेला. पण हा शब्द एका माणसाच्या आडनावावरून आलाय, आणि ती हकीकत कळली की तो कुठे शोभेल हेही कळतं.

फ्रान्झ आन्टोन मेस्मर हा व्हिएन्नाचा डॉक्टर. विश्वात एक अदृश्य प्रवाह आहे, तो शरीरात अडला की माणूस आजारी पडतो, असं तो म्हणे. १७७८ मध्ये तो पॅरिसला आला. तिथे लाकडी पिंपाभोवती रोगी बसत आणि त्यातून निघालेल्या लोखंडी कांबी दुखऱ्या जागी धरत. कुणी रडायचं, कुणाला झटके यायचे, आणि कित्येकांना खरोखर बरं वाटायचं.

१७८४ मध्ये फ्रान्सचा राजा सोळाव्या लुईने चौकशी लावली. समितीत अमेरिकेचा बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. मेस्मर फिरकला नाही. त्याचा शिष्य देलों आला. फ्रँकलिनच्या बागेत त्याने जर्दाळूचं एक झाड ‘भारलं’. मग १२ वर्षांच्या एका मुलाला डोळ्यांवर पट्टी बांधून एकेका झाडापाशी नेलं. चौथ्या झाडाशी मुलगा बेशुद्ध पडला. ते झाड भारलेलं नव्हतंच! प्रवाहबिवाह काही नाही, हा कल्पनेचा प्रभाव, असं समितीने ठरवलं. ओवी, मला या निकालापेक्षा तो मुलगा जास्त विचारात पाडतो. नुसत्या अपेक्षेने शरीर कोसळतं, केवढी ही मनाची ताकद! पुढे १८४५ पासून बंगालमधल्या हुगळीत जेम्स एस्डेल या सर्जनने मेस्मरच्या पद्धतीने रोग्यांना गुंगीत नेऊन मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या, तेव्हा क्लोरोफॉर्म वापरात आलं नव्हतं.

तेव्हा नुसत्या आवडीसाठी हा शब्द खर्चू नकोस. आईस्क्रीमला ‘डिलाइटेड’ पुरे. भंडारदऱ्याला काजव्यांनी लखलखणारं झाड बघताना तुला जेवायला हाका मारल्या, त्या तुझ्या कानांपर्यंत पोचल्याच नाहीत. तिथे ‘मेस्मराइज्ड’ चपखल बसतो. ज्याने भारलं त्याच्याआधी ‘बाय’ लावायचं. निबंधात तू ‘आय वॉज मेस्मरायझिंग’ लिहिलंयस, त्याचा अर्थ तूच इतरांना भुरळ घालत होतीस असा होतो. तेवढं दुरुस्त कर आणि काजव्यांचा परिच्छेद वाढवून मला पाठव.

तुझा,
बाबा