चाकांवरच्या घरासाठी संगणक घेताना आधी वॅट पाहावेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गाडीलाच घर करून फिरणाऱ्या कुटुंबांविषयी आपल्या रविवार पुरवणीत जो लेख आला, त्यातली करमणुकीच्या संगणकाविषयीची शिफारस वाचून हे पत्र लिहावेसे वाटले. लेखात प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि पडद्याचा आकार यांची तुलना बारकाईने केली आहे आणि शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला ती उपयोगीही पडेल. मात्र सुचवलेला संगणक ताशी किती वीज खातो, याचा त्यात एकदाही उल्लेख नाही. ज्या घराची वीज आसनाखालच्या बॅटरीतून येते, तिथे हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा लागतो. मी निवृत्त विद्युत अभियंता आहे. पत्नी आणि मी वर्षातला बराचसा काळ टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बांधून घेतलेल्या घरात, कधी कोकणात तर कधी मराठवाड्यात मुक्काम हलवत काढतो, त्यामुळे हा हिशेब आमच्या रोजच्या जगण्यातला आहे.

तो हिशेब असा. आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टरला असते तशी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची (एक अँपिअर प्रवाह तासभर घेतला की एक अँपिअर-तास; वॅटला १२ व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात) ट्युब्युलर बॅटरी गाडीत बसवली, तरी तिच्यातली निम्मीच वीज वापरावी, कारण लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याच्या खाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे हाती राहिले ७५ अँपिअर-तास. त्यातले तीस-चाळीस १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसभरात घेतो. पंखा, दिवे, पाण्याचा पंप आणि फोनचे चार्जिंग वेगळे. आता लेखात सुचवल्यासारखा खेळांसाठीचा डेस्कटॉप घेतला, तर नुसता सिनेमा लावला असतानाही तो सहज ८० वॅट घेतो. ३२ इंची टीव्हीचे ५० धरले आणि इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज मिळवली, की बॅटरीवरचा भार १५० वॅटच्या पुढे जातो. तीन तासांत जवळजवळ ४० अँपिअर-तास संपले. फ्रिज आणि सिनेमा यांतच सारी बॅटरी उतरली, पंख्याला काही उरले नाही, आणि मे महिन्यात बीड किंवा परभणीला मुक्काम असेल तर पंखा ही चैन नसते. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच प्रकार.

याच्या उलट, इंटेलने २०२३ मध्ये आणलेल्या एन-१०० जातीच्या प्रोसेसरचा मिनी पीसी पाहावा. हा प्रोसेसर ६ वॅटच्या गटातला आहे. तळहातावर मावणारी ही पेटी सिनेमा चालू असताना सर्व मिळून दहा ते पंधरा वॅटच्या आसपास घेते. तिच्या जोडीला २४ इंची टीव्ही घेतला तर दोहोंचे मिळून चाळीसेक वॅट होतात, म्हणजे तीन तासांना दहाच अँपिअर-तास. चित्रात मात्र उणीव राहत नाही, कारण आजकाल वापरात असलेल्या एचईव्हीसी, व्हीपी-९ आणि एव्ही-१ या तिन्ही पद्धतींनी दाबलेली चित्रफीत उलगडण्याचे काम या चिपमधला स्वतंत्र भाग करतो. मुख्य प्रोसेसरला त्यासाठी घाम गाळावा लागत नाही. जुना, कार्यालयांतून निघालेला छोटा डेस्कटॉप स्वस्तात मिळतो आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे संगणक हवे तेवढे आहेत, पण तिथेही नुसते ‘आय-फाइव्ह’ हे नाव ऐकून भुलू नये. सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरला दहा-बिटांची, म्हणजे रंगांच्या अधिक छटा साठवणारी, एचईव्हीसी चित्रफीत हार्डवेअरवर उलगडता येत नाही, सातव्या पिढीला येते. एव्ही-१ हवे असेल तर अकरावी पिढी किंवा तिच्या पुढचे घ्यावे लागते. जे हार्डवेअरला जमत नाही ते प्रोसेसरच्या जिवावर होते, आणि मग पंखा घोंगावू लागतो, वॅट दुप्पट-तिप्पट होतात. याखेरीज विंडोज १० ची मोफत साथ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि सहाव्या-सातव्या पिढीच्या जवळजवळ सर्व प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, हेही ग्राहकाला दुकानात कोणी आपण होऊन सांगत नाही.

संगणक घेतला की तो गाडीच्या विजेला जोडायचा कसा, याकडे लेखात पूर्ण दुर्लक्ष झाले आहे, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. गाड्यांची आतली सजावट करणारे बहुतेक कारागीर सरसकट मोठा इन्व्हर्टर बसवून मोकळे होतात. बॅटरीतली १२ व्होल्टची डीसी वीज घ्यायची, तिची २३० व्होल्ट एसी करायची, आणि संगणकाच्या अडॅप्टरने तीच पुन्हा १२ किंवा १९ व्होल्ट डीसी करायची, असा हा द्राविडी प्राणायाम आहे. दोन्ही रूपांतरांत वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते, शिवाय मोठा इन्व्हर्टर काहीही न चालवता, नुसता चालू राहिला तरी दहा-वीस वॅट खात बसतो. म्हणजे मिनी पीसी जेवढी वीज घेईल, तेवढीच त्याला वीज पोचवणारा घेईल! मिनी पीसीची निवड करताना म्हणून अडॅप्टरवरचा मजकूर वाचावा. त्यावर १२ व्होल्ट लिहिले असेल तर तो संगणक इन्व्हर्टरशिवाय चालवणे सोपे जाते. २४ इंची टीव्ही आणि मॉनिटर यांच्यातही बाहेरच्या अडॅप्टरवर चालणारे बरेच असतात. त्यांतले १२ व्होल्टचे निवडावेत, मात्र मॉनिटरला पुष्कळदा आवाजाची सोय नसते हे ध्यानात ठेवावे.

तथापि १२ व्होल्टचा संगणक म्हणून त्याच्या वायरी थेट बॅटरीला जोडणे धोक्याचे आहे. गाडीतले १२ व्होल्ट हे नावापुरते १२ असतात. इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा अल्टरनेटर १४ व्होल्टच्या वर जातो, आणि घरगुती वापराची बॅटरी इंजिनच्या बॅटरीशी जोडलेली असेल तर स्टार्टर मारताना विजेचा दाब (व्होल्टेज) दहाच्याही खाली येऊ शकतो. संगणक त्या क्षणी बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि डिस्कवर काही लिहिले जात असेल तर फाइल बिघडते. यावर उपाय म्हणजे येणारा दाब कमी असो वा जास्त, बाहेर नेमके १२ व्होल्ट देणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर. त्याच्या आधी, बॅटरीच्या धन टोकाजवळच, फ्यूज हवा. सिगारेट लायटरच्या खाचेत खुपसण्याची पिन सोयीची दिसते खरी, पण घाटातल्या दोन वळणांनंतर ती सैल होते, ठिणग्या पडून आतले पितळ काळवंडते आणि पिन हाताला गरम लागू लागते. आमच्या गाडीत मी ती खाच काढून टाकून पिळून आवळता येणारी जोडणी बसवली आहे, आणि वायरीतच एक छोटा वॅटमीटर ठेवला आहे. त्या मीटरकडे पाहत टीव्हीचा बॅकलाइट निम्म्यावर आणला की आकडा लगेच उतरतो. रात्री दिवे मालवून पाहणाऱ्याला तेवढा उजेड पुरतो. दुकानातून आलेला टीव्ही दुकानातल्या झगमगाटासाठी लावलेला असतो. ज्यांनी जुनी बस किंवा ट्रक घेऊन घर केले आहे, त्यांनी त्या गाड्यांची वीज बहुधा २४ व्होल्टची असते हे विसरू नये, आणि कन्व्हर्टर तेवढा दाब घेणारा निवडावा.

दुसरा मुद्दा इंटरनेटचा. लेखात असे गृहीत धरले आहे की संगणक असला की पाहायला काही ना काही आपोआप येईल. नेटफ्लिक्स स्वतःच सांगते की एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत आणि ४-केला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. रोज दीड-दोन जीबी देणाऱ्या प्रीपेड योजनेवर एचडी सिनेमाचे मध्यंतरही होत नाही, आणि डोंगराआड किंवा खाडीकाठी मुक्काम पडला की तेवढेही मिळेलच असे नाही. म्हणून संगणक निवडताना त्यात साठवण किती आणि कशाची, याला मी वॅटखालोखाल महत्त्व देतो. एक टीबीच्या एसएसडीवर (फिरती तबकडी नसलेल्या डिस्कवर) एकपदरी डीव्हीडी जशाच्या तशा उतरवल्या तरी दोनशेच्या वर मावतात. आम्ही दोघांनी वर्षानुवर्षे विकत घेतलेल्या नाटकांच्या आणि गाण्यांच्या तबकड्या, मुलांच्या लहानपणीच्या चित्रफिती, नातवंडांचे व्हिडिओ, सगळे एका डिस्कवर आले आहे आणि व्हीएलसी किंवा कोडी या चित्रफिती दाखवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरवर ते इंटरनेटशिवाय लागते. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क स्वस्त असली तरी चालत्या गाडीच्या धक्क्यांत ती वापरू नये. घरी ठेवायच्या दुसऱ्या प्रतीसाठी ती उत्तम. प्रत मात्र घरी ठेवावीच.

ओटीटी सेवांच्या बाबतीत एक अडचण अशी आहे की वीज वाचवण्यासाठी आणि मोफत मिळते म्हणून कोणी मिनी पीसीवर विंडोजऐवजी लिनक्स घातले, तर सॉफ्टवेअर सगळे उत्तम चालते, पण प्रती होऊ नयेत म्हणून घातलेल्या कुलपामुळे नेटफ्लिक्ससारख्या सेवा तिथे सर्वांत वरच्या दर्जाचे चित्र देत नाहीत. विंडोजवर चित्र चांगले मिळते, परंतु नेटफ्लिक्सने २०२४ मध्ये विंडोजच्या ॲपमधून डाउनलोडची सोयच काढून टाकली. फोनवर आणि टॅबलेटवर ती आहे. तेव्हा शहरात चांगले वाय-फाय मिळाले की टॅबलेटवर भाग उतरवून घेणे, आणि डाउनलोडलाही मुदत असते हे लक्षात ठेवून ते वेळेत पाहणे, हा व्यवहार्य मार्ग ठरतो. विंडोज वापरणाऱ्याने फोनच्या हॉटस्पॉटला ‘मीटर्ड’ (मोजून मिळणारा डेटा) अशी खूण जरूर करावी, नाहीतर रात्रीतून अपडेट येऊन दिवसाचा डेटा फस्त करते.

बातम्या आणि क्रिकेटसाठी तर मी संगणकाचा आग्रहच धरणार नाही. दूरदर्शनचे डीडी फ्री डिश मासिक शुल्काशिवाय मिळते आणि त्यावर सह्याद्री वाहिनीही आहे. तिचा उपग्रह, जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर आहे. पुण्याच्या परिसरातून पाहिले तर आग्नेय दिशेला, क्षितिजापासून साठ अंशांच्या जरा खाली. मुक्कामाची जागा निवडताना सावलीसाठी आपण झाड शोधतो आणि डिशला नेमके झाडच आडवे येते, म्हणून झाड पश्चिमेला ठेवून गाडी लावण्याची आम्हाला सवय लागली आहे. दुपारच्या उन्हापासून आडोसाही मिळतो आणि आग्नेय मोकळी राहते.

मिनी पीसीच सर्वांनी घ्यावा, असा माझा हट्ट नाही. एकटा फिरणारा माणूस असेल, किंवा कोणाला गाडीतच कामही करायचे असेल, तर यूएसबी-सीवर चार्ज होणारा साधा लॅपटॉप अधिक सोयीचा, कारण १२ व्होल्टवर चालणारे यूएसबी-सी चार्जर सहज मिळतात आणि लॅपटॉपची स्वतःची बॅटरी मधल्या खंडात सांभाळून घेते. ज्यांना पडद्यावरचे भारी खेळच खेळायचे आहेत त्यांनी मोठी लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी आणि छतावर पुरेसे सौर पॅनल यांचा खर्च संगणकाच्या किमतीत धरूनच निर्णय करावा, आणि जून ते सप्टेंबर कोकणात पॅनलकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. पूर्वी फिरत्या टॉकीजचे ट्रक जत्रेत प्रोजेक्टरबरोबर जनरेटरही घेऊन जात. आज शेजारच्या तंबूतल्या लोकांची झोप मोडून जनरेटर लावणे कोणी खपवून घेणार नाही.

धूळ आणि उष्णता यांबद्दल एवढेच सांगतो की मिनी पीसी टीव्हीच्या मागे स्क्रूने बसवावा, बंद कपाटात कोंबू नये, आणि जांभ्याच्या रस्त्यांवरून आल्यावर त्याच्या पंख्याची जाळी ब्रशने झाडावी. तिथे लाल मातीचा थर बसतो आणि मग पंखा चिपला गार ठेवू शकत नाही.

शेवटी एक विनंती आपल्याला आणि एक पर्यटन खात्याला. आपण यापुढे अशा उपकरणांचे परीक्षण छापाल तेव्हा किमतीच्या शेजारी चित्र चालू असतानाचे प्रत्यक्ष मोजलेले वॅट आणि अडॅप्टरचा व्होल्टेज अवश्य द्यावा. पन्नास-शंभर शब्दांची जागा त्याला लागत नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्याचे स्वागतच आहे. गाड्या उभ्या करण्याच्या ज्या जागा त्यानुसार होतील, तिथे प्रत्येक गाडीमागे अर्थिंग केलेला १६ अँपिअरचा एक सॉकेट आणि त्यावर स्वतंत्र मीटर असावा, आणि ही सोय आहे की नाही हे आरक्षणाच्या वेळीच लिहिलेले असावे. रात्रभर बॅटरी भरून घ्यायची असेल तर वापरलेल्या युनिटांचे पैसे देण्यास आमच्यासारख्या कोणाचीही ना नसेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विद्युत अभियंता
(सध्या मुक्काम दापोली तालुका)